पुलावर अडकलेला मनोहर

बहात्तर सालच्या दुष्काळात आमच्या बोरमाळवाडीत ऊन असं पडायचं, की सावल्या दुपार व्हायच्या आधीच उठून घरात जाऊन बसायच्या. हे सांगितलं की शहरातली माणसं हसतात. हसू देत. पण त्याच साली आमच्या गावानं एका माणसाला पुलावरून खाली उतरवायला नगर गाठलं, तो पूल पुण्यात होता आणि तो माणूस मुळात नव्हताच, हे सांगितलं की ती हसायची थांबतात आणि चहा मागवतात. माझं चहाचंच हॉटेल असल्यामुळे ही गोष्ट सांगायचा मला कधी कंटाळा येत नाही.

हॉटेल म्हणजे एसटीच्या थांब्यावर बाभळीखाली टाकलेलं पत्र्याचं छप्पर आणि चार बाकडी. त्या साली दूध इतकं पातळ यायचं, की गिऱ्हाईक आधी चहात बघून भांग पाडायचं आणि मग तो प्यायचं. निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जायचं, संध्याकाळी रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन पारावर येऊन बसायचं, आणि बसल्यावर करायचं काय हा प्रश्न पडायचा. पावसाबद्दल बोलायचं नाही, असं सगळ्यांनी न ठरवताच ठरवलं होतं.

त्यात आमचे सरपंच आप्पासाहेब यांना पारनेरहून वाचनालयासाठी पुस्तकांचा गठ्ठा मिळाला. सोडून बघितला तर खतांवरची पुस्तकं, कोंबड्यांच्या रोगांवरचं एक, आणि एक जाडजूड कादंबरी. नाव 'मनोहर उभा राहतो'. लिहिणारे नगरचे डॉक्टर निसळ, मनाच्या दुखण्यांचे डॉक्टर. मागच्या बाजूला त्यांचा फोटो होता, आणि त्यात ते स्वतःच कशाला तरी घाबरल्यासारखे दिसत होते. आत लिहिलं होतं, 'खचलेल्या प्रत्येक मनासाठी'. आप्पासाहेब म्हणाले, "आपल्याकडं सध्या न खचलेलं कोन हाय? वाचा."

वाचणार कोण, तर सहादेवबुवा. गावात पोथी वाचायचा मान त्यांचा. बुवांना देवानं एकच आवाज दिला होता, पोथीचा. लग्नपत्रिका वाचली तरी बायका हात जोडायच्या. एकदा त्यांनी देवीची लस टोचण्याची सरकारी नोटीस वाचली, तर शेवटी खोबऱ्याचा प्रसाद वाटावा लागला. मी लहानपणापासून त्यांच्या समोर बसत आलोय. हा बाबाजान डुलला नाही तर वाचन रंगलं नाही, असं ते मानायचे. त्यामुळे कधीकधी डोळा लागला तरी मी डुलायचं सोडत नसे.

आता आमच्याकडची रीत सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. आमच्या भागात नाथांची पोथी लागते, आणि तिचा प्रत्येक अध्याय कशावर तरी असतो. एक तापावर, एक बाहेरच्या बाधेवर, एक हरवलेलं गुरू सापडायला. माणसानं दुखणं सांगायचं, बुवांनी अध्याय काढायचा. आणि एकदा लावलेलं वाचन मधेच सोडायचं नाही. अर्धवट सोडलेली पोथी म्हणजे उघडी ठेवलेली विहीर, असं आमची म्हातारी माणसं म्हणत.

पहिल्या संध्याकाळी बुवांनी कादंबरी लाल फडक्यात गुंडाळून आणली, कारण उघडं पुस्तक हातात धरून चालायची त्यांना सवय नव्हती. वाचलं. मनोहर नावाचा एक पोरगा पुण्यात कारकून असतो. साहेबानं हाक मारली की त्याला घाम फुटतो, जीभ टाळूला चिकटते, मग एक दिवस तो आरशासमोर उभा राहून साहेबाला उत्तर द्यायचा सराव करतो. इथं पहिलं प्रकरण संपलं. बुवांनी पुस्तक कपाळाला लावून मिटलं. मग गोजरबाईनं विचारलं.

गोजरबाई म्हणजे आमच्या गावची खबर. खडीच्या ढिगावर बसून ती जे बोलायची ते घरी पोचायच्या आत वेशीवर पोचलेलं असायचं. ती म्हणाली, "बुवा, ह्यो अध्याय कशावर?"

'ठाऊक नाही' हे शब्द बुवांच्या तोंडून जन्मात कोणी ऐकले नव्हते. ते म्हणाले, "साहेबाच्या भ्यावर."

"मुकादमावर चालंल का?"

"मुकादम म्हंजे ल्हान साहेबच की."

दुसऱ्या दिवशी कामावर मुकादम गोजरबाईचा अर्धा दिवस कापायला निघाला. तिनं हातोडी खाली ठेवली आणि मनोहरानं आरशाला दिलं होतं तेच उत्तर मुकादमाला दिलं, पुणेरी भाषेत, एक अक्षर न चुकता. 'साहेब, मी आपला आदर करते, परंतु हे मला मान्य नाही.' मुकादमाला उभ्या आयुष्यात खडीच्या ढिगावरून असं कोणी बोललं नव्हतं. त्यानं पूर्ण दिवस लावला आणि वर विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या हाय का?"

झालं. त्या संध्याकाळी पारावर बसायला जागा उरली नाही. दुसरं प्रकरण रागावर निघालं. राग आला की मनोहर मनात आकडे मोजतो. ते आप्पासाहेबांना वाचून दाखवलं. पुढच्या बैठकीत त्यांना असा राग आला, की ते मोजत राहिले, मोजत राहिले, लोक ठराव करून घरी गेले तरी त्यांचं मोजणं चालू होतं. तिसरं प्रकरण झोपेवर होतं. ते आम्ही वरच्या आळीतल्या कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या लाथाड म्हशीसमोर वाचलं. ती इतकी निवली की धार देता देता झोपायची, आणि मग बाकीची धार काढायला तिला उठवावं लागायचं. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं म्हशीला विचारावं. ती आता नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि मग एका सकाळी चांगुणा बुवांच्या दारात आली. पदर डोक्यावर, हाताला खडीचे फोड. तिनं चेष्टेतलं काही विचारलं नाही.

"बुवा, जमिनीच्या भ्यावर कोनता अध्याय हाय?"

तिचा नवरा मच्छिंद्र. विहिरी खोदायचा. आमच्या पंचक्रोशीत त्याच्यासारखा खोल उतरणारा गडी नव्हता. फाल्गुनात आप्पासाहेबांच्या मळ्यात विहीर खोल करताना कडा कोसळली आणि मच्छिंद्र छातीपर्यंत मातीत गेला. आम्ही सगळ्यांनी हातांनी माती उपसली, फावडं लागेल म्हणून फावडी बाजूला टाकली. दिवस मावळायच्या आत काढला. अंगावर साधा ओरखडा नव्हता. पण घरी आला तो मधल्या खोलीत जाऊन बसला आणि परत बाहेर पडलाच नाही. त्या खोलीला शहाबादी फरशी होती, बाकी सगळं घर आणि अंगण मातीचं. तो म्हणायचा, "माती धरत न्हाई." उंबऱ्याबाहेर पाय ठेवायला सांगितला की त्याच्या अंगाला असं कापरं भरायचं, की बघणाऱ्यालाही आपल्या पायाखालचं हलल्यासारखं वाटे. आधी बोलणं कमी झालं, मग खाणं. कोणी म्हणालं बाधा आहे, कोणी म्हणालं नगरला न्या. पण जो अंगणात उतरत नाही त्याला नगरला नेणार कसा?

चांगुणा म्हणाली, "परवा मला म्हनले, चांगुणे, मी आत बसून तुला खडी फोडाया लावतो, हे काही खरं न्हाई. अन् मग वर आढ्याकडं बघत बसले. मला त्येंचं ते बघनं आवडलं न्हाई."

बुवांनी पुस्तक लाल फडक्यात बांधलं. त्या दिवसापासून वाचन पारावरून उठलं आणि चांगुणाच्या ओसरीवर आलं.

मच्छिंद्र आत, आम्ही बाहेर, मधे उघडं दार. पहिल्या संध्याकाळी आतून श्वासाचाही आवाज नाही. मग एक दिवस बुवांनी पुस्तक मिटलं आणि अंधारातून आवाज आला, "फुडं काय?" चांगुणानं माझ्याकडं बघितलं. मी डुलायचं विसरलो.

पुढं मच्छिंद्र रोज थोडा सरकायला लागला. कोपऱ्यातून भिंतीशी, भिंतीपासून दाराशी. फरशी सोडत नव्हता, पण शेवटच्या फरशीवर येऊन बसायचा. चांगुणा पण मोठी हुशार. मनोहर जेवायला बसला, की ती ताट नेऊन नवऱ्याच्या पुढं ठेवायची. मनोहर पुण्यात श्रीखंड खायचा आणि मच्छिंद्र इकडं मिलोची भाकरी, पण दोघं बरोबर जेवायचे. बुवांनी तर मनोहराच्या जेवणाच्या ओळी लांबवायला सुरुवात केली. पुस्तकात नसलेली दोन धिरडी त्यांनी त्याला माझ्या देखत खाऊ घातली.

असं करत आम्ही शेवटाजवळ आलो. मनोहरवर नोकरीत खोटा आळ येतो, माणसं तोंड फिरवतात, आणि एका संध्याकाळी तो नदीच्या पुलावर जाऊन कठड्यावर चढतो. खाली पाणी. 'त्याने डोळे मिटले आणि,' असं म्हणून बुवांनी पान उलटलं आणि त्याच सुरात पुढं वाचलं, की मनोहर सकाळी उठून दात घासत होता.

आम्हाला वाटलं, बरं झालं, उतरला बाबा. सगळ्यांनी श्वास सोडला. बुवा वाचत गेले. मनोहर कचेरीत गेला. त्याच्यावर आळ आला. माणसांनी तोंड फिरवलं. आता गोजरबाईची चुळबुळ सुरू झाली. मनोहर पुलाकडं निघाला. मनोहर कठड्यावर चढला.

"बुवा," गोजरबाई म्हणाली, "ह्यो पुन्यांदा चढला."

बुवांनी पान उलटलं. पुढं पुठ्ठा होता. छापखान्यात बांधणाऱ्यानं शेवटच्या पानांच्या जागी आधीचीच पानं दुसऱ्यांदा बांधून टाकली होती. पुस्तक तिथंच संपत होतं, आणि मनोहर कठड्यावर होता.

दारातून मच्छिंद्र म्हणाला, "म्हंजे तो तितंच हाय?"

बुवांना काहीतरी जोडून सांगता आलं असतं. धिरडी जोडली तसा एखादा शिपाई जोडायचा, मनोहराला खाली ओढायचा. मी डोळ्यांनी खूण केली. पण बुवांनी मान हलवून नाही म्हटलं. नंतर मला म्हणाले, "बाबाजान, जेवन वाढवनं येगळं. मरन-जगन मला कसं जोडता येईल? ते ज्येनं लिवलं त्येचं काम."

मच्छिंद्रानं ताट सरकवलं आणि परत कोपऱ्यात गेला.

सकाळी पहिली गाडी यायच्या आधी चांगुणा माझ्या हॉटेलवर आली. मी चूल पेटवत होतो. डोळे सुजलेले. म्हणाली, "चाचा, जेवले न्हाईत, झोपले न्हाईत. सारखं एकच, तो अजून उभाच असंल, त्येचे पाय कापत असतील. चाचा, त्येला कसंबी करून उतरवा. तो पडला तर हे ऱ्हात न्हाईत."

मी चुलीवर पाणी ओतलं. बुवांना बोलावलं. गोजरबाईला कोणी बोलावलं नाही, ती आधीच गाडीत बसलेली होती.

नगरला उतरून आम्ही आधी पुस्तकाचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "ती होय. दोनच प्रती आल्या होत्या माझ्याकडे. एक तुमच्या पारनेरकडे गेली, दुसरी लेखकानं स्वतः येऊन विकत घेतली." म्हणून मग आम्ही लेखकाचा दवाखाना विचारत निघालो. विचारायलाही पंचाईत. 'मनाचा डॉक्टर' म्हटलं की रस्त्यावरचा माणूस आधी आम्हा तिघांकडं नीट बघायचा, मग आमच्यातला कोण ते मनाशी ठरवायचा, आणि मग पत्ता सांगायचा. सगळ्यांनी मलाच ठरवलं. गोजरबाईला याचा फार आनंद झाला.

दवाखान्यात बाकावर तीन-चार माणसं वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसली होती. एकाचं उलटं होतं. गोजरबाईनं शेजारच्याला विचारलं, "तुमाला काय हुतंय, दादा?"

"मला काही नाही. मी विजेचं मीटर बघायला आलोय."

"कवापासून?"

"दर गुरुवारी येतो," तो म्हणाला आणि परत वर्तमानपत्राआड गेला.

आमचा नंबर आला. डॉक्टर निसळ फोटोपेक्षा बारीक होते, आणि घाबरलेले तेवढेच. बुवांनी लाल फडकं टेबलावर ठेवून सोडलं आणि आतून त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"परत करायला आलात ना? चालेल. आणखीही लोकांनी पाठवलंय." त्यांनी खण उघडून पत्रांचा गठ्ठा दाखवला. "एका हेडमास्तरांनी चुका लाल शाईनं काढून पाठवल्यात, आणि खाली शेरा दिलाय, 'सुधारणेस वाव'. संगमनेरच्या एक बाई मनोहरची पत्रिका मागतायत, त्यांची भाची लग्नाची आहे. भिंगारच्या एका गृहस्थांनी लिहिलंय, की पुस्तक वाचून त्यांना धैर्य आलं आणि त्यांनी घर सोडलं. त्यांच्या पत्नीचंही पत्र आहे, तिनं माझे आभार मानलेत. पण शेवटापर्यंत वाचलं असं एकानंही कळवलेलं नाही."

"आमी त्येच्यासाठीच आलोय," बुवा म्हणाले. "शेवट द्या."

डॉक्टरांना कळेना. मग बुवांनी सांगायला सुरुवात केली, गोजरबाईनं मधे मधे दुरुस्त केलं आणि मी दोघांना. पहिला अध्याय साहेबावर, दुसरा रागावर, तिसरा झोपेवर. डॉक्टर ऐकता ऐकता पुढं सरकले. म्हशीचं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हशीला तिसऱ्या प्रकरणाचा गुण आला?"

"पुरता," मी म्हणालो. "नुसत्या आवाजानं. अर्थ तिला लागला असंल असं मी म्हनत न्हाई."

डॉक्टर हसले. खूप दिवसांनी हसल्यासारखे, थोडे गंजलेले. पण मग बुवांनी मच्छिंद्राचं सांगितलं, आणि हसू गेलं. त्यांनी एकेक विचारलं. काल जेवला का. झोपला का. घरात आत्ता कोण आहे. आढ्याकडं बघत बसतो म्हणजे कसा. गोजरबाईसुद्धा हळू आवाजात उत्तरं देत होती. शेवटी डॉक्टर उठले, कोपऱ्यातल्या कपाटातून पुस्तकाची आपली प्रत काढली आणि खुर्चीखालच्या चपला पायात घातल्या.

"तुमी कुठं?" बुवांनी विचारलं. "नुसतं पुस्तक दिलं तरी भागंल."

"नाही भागणार," डॉक्टर म्हणाले. "तो कठड्यावर चढला तो मी चढवला म्हणून." आणि बाहेर येऊन त्यांनी मीटरवाल्याला सांगितलं, "आजचं उद्यावर ढकलू. चालेल ना?" तो म्हणाला, "मीटर काय, कुठं पळतंय."

परतीला आम्हाला मुक्कामाची गाडी मिळाली, म्हणजे जी संध्याकाळी आमच्याकडं येते आणि तिथंच रात्र काढते ती. गाडीत बुवांनी शेवटची पानं वाचायला घेतली, मनातल्या मनात म्हणजे फक्त आमच्या बाकापुरतं मोठ्यानं. मनोहर कठड्यावर असतो, तेव्हा पुलावरून एक वृद्ध सत्पुरुष येतो आणि त्याला जीवनाबद्दल सांगू लागतो. बुवांनी पान उलटलं, तो सांगतच होता. आणखी उलटलं, सांगतच होता.

"डॉक्टर," बुवा म्हणाले, "म्हातारा लई बोलतोय."

"हो," डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लिहिताना मला तो फार आवडला होता."

"तवर पोरगं कठड्यावर उभं ऱ्हाईल का?"

डॉक्टरांनी पुस्तक त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं. "आता तेच मला वाटतंय. पण दुसरा शेवट माझ्याकडं नाही."

 गाडी चढ चढून आली, आणि वळणावरून आमचा थांबा दिसला.

थांब्यावर गर्दी होती.

आमच्या थांब्यावर कधी गर्दी नसते. मी तिथं जन्म काढलाय. मुक्कामाच्या गाडीला दोन माणसं आणि एक कुत्रं, एवढंच. आज सगळं गाव उभं होतं. बायका, पोरं, आप्पासाहेब, सगळे. कोणी हातवारे करत नव्हतं, सगळे खाली मान घालून एका जागी जमलेले. गाव असं कधी जमतं हे सगळ्यांना माहीत आहे. गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. बुवांचे ओठ हलत होते. मी अल्लाचं नाव घेतलं, आणि डॉक्टरांनी माझा हात धरला. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा गार होता.

गाडी जवळ गेली तेव्हा दिसलं, की लोक खाली बघत होते ते जमिनीवर मांडलेल्या पाटांकडं.

पाट. जेवायला बसायचे पाट. चांगुणाच्या दारापासून आळीनं, मारुतीला वळसा घालून, थेट माझ्या हॉटेलपर्यंत एकाला एक लावून पाट मांडलेले, जशी काही सगळ्या तालुक्याची पंगत बसणार आहे. सागाचे, बाभळीचे, पाय मोडलेले, रांगोळीचे डाग पडलेले. आणि शेवटच्या पाटावर, बाभळीच्या बुंध्याला एका हातानं घट्ट धरून, मच्छिंद्र उभा होता.

नंतर कळलं ते असं. दुपारपर्यंत तो आत तळमळत होता. मग चांगुणाला म्हणाला, "गाडीला मीच जातो. कोनी घरी येऊन सांगंल तवर मला दम न्हाई." उठला आणि उंबऱ्यात येऊन थांबला. अंगाला कापरं. चांगुणानं इकडं तिकडं बघितलं, भिंतीला उभा केलेला पाट उचलला आणि ओसरीच्या मातीवर टाकला. तो त्याच्यावर उतरला. तिनं दुसरा टाकला. घरात दोनच पाट. तिसऱ्यासाठी ती शेजारी धावली, शेजारीण तिच्या शेजारी, आणि मग सगळी आळी पाट घेऊन पुढं पुढं मांडत निघाली. कोणी त्याच्याशी बोललं नाही, सगळ्यांना भीती, बोललो तर तो मागं फिरेल. आप्पासाहेबांनी आपला चांदीच्या फुल्यांचा पाट आणला, ज्याच्यावर ते पाहुण्यालाही बसू देत नाहीत. एका ठिकाणी पाट संपले तिथं कोणीतरी परात उपडी घातली. ती वाजली तेव्हा मच्छिंद्र बराच वेळ तिच्यावर उभा राहिला, घामानं निथळत.

गाडी थांबली. पण आमचा ड्रायव्हर दाऊद, त्याला गर्दी बघून काही कळेना, त्यानं गाडी नेहमीच्या जागेच्या पुढं नेऊन उभी केली. बाभळीपासून चांगली लांब. मच्छिंद्राला खिडकीत बुवा दिसले, त्यांच्या मांडीवर लाल फडकं दिसलं, आणि गाडी आपल्याला ओलांडून पुढं गेलेली दिसली.

तो धावला.

बाभळ सोडली, पाट सोडला आणि धावत खिडकीशी आला. खिडकीची दांडी धरून त्यानं वर बघितलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"उतरला का तो?" त्यानं विचारलं.

बुवांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण त्यांना दिसलं ते आम्हाला सगळ्यांना दिसलं. मच्छिंद्राचे पाय मातीत होते. दोन्ही. बोटं फुफाट्यात रुतलेली. गर्दीत कोणीतरी बोलायला गेलं आणि गोजरबाईनं खिडकीतूनच त्याच्याकडं असं बघितलं की तो जागीच वाळला. चांगुणा मागं उभी होती, पुढं मांडायला उचललेला पाट छातीशी धरून.

डॉक्टर खिडकीशी वाकले. खाली बघितलं, मग मच्छिंद्राकडं. पुस्तक त्यांच्या हातात होतं, त्यांनी ते उघडलं नाही.

"उतरला," ते म्हणाले.

"कसा?"

डॉक्टरांनी उलट विचारलं, "तुला काय वाटतं?"

मच्छिंद्रानं विचार केला. "कंटाळला असंल," तो म्हणाला. "लई येळ उभं ऱ्हावत न्हाई तसं."

"तसंच झालं," डॉक्टर म्हणाले. म्हातारा सत्पुरुष आणि त्याचं ते सगळं भाषण त्यांनी तिथं एसटीच्या खिडकीत जागच्या जागी पुसून टाकलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांचा चेहरा फोटोपेक्षा दहा वर्षांनी लहान दिसला.

तेव्हा कुठं मच्छिंद्रानं खाली बघितलं. आपले पाय बघितले. कापरं आलं, मला दिसलं ते. गुडघ्यापर्यंत आलं. दाऊदनं गाडी बंद केली. मच्छिंद्रानं दांडी सोडली नाही, पण पायही उचलले नाहीत. उजव्या पायाची टाच त्यानं जरा दाबून बघितली, जशी विहिरीच्या तळाला उतरल्यावर दाबतात. मग डावी.

"धरतीय," तो चांगुणाला म्हणाला.

चांगुणा त्याच पाटावर खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली, इतकी की गाडीतल्या परक्या माणसांनीही नाकं ओढली. कोणी तिला उगी म्हणालं नाही. रडू दिलं.

एका दिवसात माणूस नीट होतो असं मी सांगणार नाही. सावल्या घरात जाऊन बसतात एवढं मी सांगेन, पण ते नाही. पुढं बरेच महिने डॉक्टर येत राहिले, आणि मच्छिंद्र कधी कधी चालता चालता थबकायचा, टाच दाबून बघायचा आणि मग निघायचा. विहिरीत तो परत उतरला नाही. कोणी उतर म्हणालंही नाही. पाझर तलावाच्या कामावर त्याला उघड्यावर मातीच्या पाट्या टाकायचं काम मिळालं, आणि दोघं बरोबर जायला लागली.

पण त्या संध्याकाळचं बघा. सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरल्याबरोबर आळीभर पाटांवरून भांडण लागलं. हा माझा, तो तुझा, याचा पाय आधीच मोडला होता की आत्ता मोडला, परातीला पोचा कोणी पाडला. गोजरबाई गाडीतून उतरली ती थेट न्याय करायला, आणि तिच्या न्यायानं भांडण दुप्पट झालं. आप्पासाहेबांचा चांदीचा पाट सापडेना. ते डोळे मिटून मोजायला लागले, तोवर तो त्यांच्याच पाठीमागं निघाला. डॉक्टर बाकड्यावर बसून हे सगळं बघत माझा पातळ चहा पीत होते. दुसरा मागवला, तिसरा मागवला. म्हणाले, असा चहा कधी प्यायलो नाही. ते खरंच होतं.

गर्दीतून मच्छिंद्र आणि चांगुणा निघाली. आपले दोन पाट तिनं ओळखून काढले होते. एक तिनं घेतला, दुसरा त्यानं काखेत मारला. आळीच्या मधोमध, जिथं आता एकही पाट नव्हता, तो सावकाश चालला होता, आणि ती त्याच्या एक पाऊल मागं, त्याच्या पायांकडं न बघण्याचा प्रयत्न करत.